पेंडीच्या पोत्याशेजारी रोपांच्या पिशव्याही ठेवा: दूध संस्थांच्या संचालकांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर जिल्ह्यातल्या गावोगावच्या दूध संस्थांचे अध्यक्ष, संचालक आणि सचिव,

सप्रेम नमस्कार.

दर दहा दिवसांनी दुधाचं बिल निघतं आणि सभासद आधी बघतो ती पेंडीची कपात. दूध वाढलं तरी कपात वाढते, दूध आटलं तरी ती राहतेच. ही कपात निम्म्यावर आणता येते, आणि त्यासाठी लागणारी झाडं आपल्या जिल्ह्याला नवी नाहीत. म्हणून तुमच्याकडे मागणं एकच आहे. ज्या गोदामातून तुम्ही पेंडीची पोती उधारीवर देता, त्याच गोदामाच्या मागं दोन गुंठ्यांत सुबाभूळ आणि गिरीपुष्पाची रोपं करा, आणि ती, शेवरीच्या बियांच्या पुड्यांसह, त्याच उधारीच्या वहीवर सभासदाला द्या. पुढं लिहिलंय ते सगळं या एका मागणीसाठी.

आधी हिशेब मांडू. चारशे किलो वजनाची संकरित गाय, दिवसाला १० लिटर दूध. तिचं अंग राखायला सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात आणि प्रत्येक लिटर दुधामागं ८५ ते ९० ग्रॅम. म्हणजे दिवसाची गरज झाली साधारण १,२०० ग्रॅम. आता गव्हाणीत काय पडतं ते बघा. गळीत हंगामात १५ किलो उसाचे वाढे आणि ४ किलो कडबा. वाढ्यांत पाणीच जास्त. सुक्या वजनावर प्रथिनं पाच-सहा टक्के, म्हणजे पदरात अडीचशे ग्रॅम. मालदांडी ज्वारीचा कडबा चवीला कितीही गोड असला तरी त्यात प्रथिनं जेमतेम चार टक्के, म्हणजे दीडशे ग्रॅमसुद्धा नाहीत. दोन्ही मिळून चारशे ग्रॅम. राहिलेले आठशे ग्रॅम पोत्यातून येतात: २० टक्के प्रथिनांची गोळी पेंड ४ किलो. पोट आपल्या रानातल्या वैरणीनं भरतं आणि प्रथिनं मात्र जवळजवळ सगळी विकत येतात.

शेवरी, सुबाभूळ, गिरीपुष्प, हादगा ही सगळी शेंगवर्गी झाडं. यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, म्हणून पानांत सुक्या वजनावर २० ते २५ टक्के प्रथिनं असतात. सरकी पेंडही त्याच पट्टीतली. ओल्या पाल्यात सुकं द्रव्य पाव हिश्शाहून थोडं जास्त असतं. म्हणून लक्षात ठेवायला सोपा हिशेब असा: चार किलो ओला पाला म्हणजे प्रथिनांपुरती एक किलो गोळी पेंड. वरच्या गायीला ८ किलो पाला दिला तर साडेचारशे ग्रॅम प्रथिनं त्यातून आली, आणि ४ किलो पेंडीचं काम २ किलोत भागलं. पेंड साफ बंद करा, असं आम्ही म्हणत नाही. पाल्यात पेंडीइतकी दाट ऊर्जा नसते, आणि गायीच्या पोटाला मर्यादा आहे. दूध १० लिटरच्या वर असेल तर पाल्याबरोबर किलोभर मक्याचा भरडा चालू ठेवलाच पाहिजे. नाहीतर प्रथिनं पुरतील, ऊर्जा कमी पडेल, एसएनएफ (दुधातला स्निग्धांश सोडून उरलेला घन भाग) ८.५ टक्क्यांच्या खाली येईल आणि दर तुटला की सभासद पाल्याला दोष देईल.

पाल्याचा दुसरा फायदा या हिशेबात धरलेला नाही. तो कडब्याच्या पचनाचा. गायीचं मोठं पोट, म्हणजे रुमेन, ही जिवाणूंची भट्टी आहे. कडब्यातला चिवट तंतू फोडतात ते हे जिवाणू, आणि त्यांना स्वतःला नत्र लागतो. एकूण खाण्यात प्रथिनं सात टक्क्यांच्या खाली गेली की जिवाणूंची वाढ खुंटते, कडबा पोटात पडून राहतो, आणि पोट रिकामं होत नाही म्हणून जनावर खातही कमी. भाकड जनावरं, कालवडी, बैल यांना पेंड मिळत नाही. उन्हाळ्यात त्यांची पोटं फुगलेली आणि बरगड्या उघड्या दिसतात त्या यामुळंच. अशा जनावराला रोज दोन-तीन किलो पाला मिळाला तरी तेच जनावर तोच कडबा जास्त खातं आणि जास्त पचवतं. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात सांगोला-मंगळवेढ्याकडच्या चारा छावण्यांत जनावरांनी महिनोन् महिने मुख्यतः उसावर काढले. अख्ख्या उसात प्रथिनं वाढ्यांहूनही कमी. जनावरं जगली, पण पुढची वेतं लांबली. बांधावर पाल्याची झाडं असती तर त्या उसाचाही जास्त उपयोग झाला असता.

आता एकेक झाड.

शेवरी आपल्या भागात पानमळ्यांतून सगळ्यांना माहीत आहे, वेलीच्या आधाराला लावतात तीच. पाला मऊ, पचायला सगळ्यात हलका, शेरडं तर तुटून पडतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला थेट बी टोकलं तरी चार-पाच महिन्यांत डोक्याच्या वर जाते. पण तिचं आयुष्य तीन-चार वर्षांचं, आणि ती खालून छाटलेली सोसत नाही. गुडघ्याला छाटली आणि बुंधा पार उघडा केला की निम्मी झाडं वाळतात. कमरेच्या आसपास, ७५ सेंटिमीटर ते एक मीटरवर छाटायची, आणि प्रत्येक छाटणीला एखादी पानांची फांदी मागं ठेवायची. हादगा त्याच जातकुळीतला, पण त्याचा शेंडा वारंवार मारला तर तो मरतोच. हादग्याच्या बाजूच्या फांद्या तेवढ्या घ्याव्यात, फुलं घरात भाजीला येतात.

गिरीपुष्प, ज्याला उंदीरमारीही म्हणतात, ते आपल्या कित्येक बांधांवर आधीच उभं आहे. सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रानं रब्बी ज्वारीला हिरवळीचं खत म्हणून त्याच्या पाल्याची शिफारस केली, तेव्हापासून ते इथं रुजलं. खतासाठी लावलेल्या याच झाडाचा पाला दावणीलाही चालतो, पण त्याला एक अडचण आहे. त्याला कुमारिन नावाच्या द्रव्याचा उग्र वास येतो. पहिल्या दिवशी ताजा पाला टाकला की गाय नाक लावते, फुरफुरते आणि तोंड फिरवते. इथंच बहुतेक जण हात टेकतात. खरं तर संध्याकाळी फांद्या कापून रात्रभर सावलीत पसरून ठेवल्या, सकाळी पानं कोमेजली की वास बराच उतरतो. मग मूठभर मीठ आणि गुळाचं पाणी शिंपडून कडब्याच्या कुट्टीत कालवायचं. पहिले चार दिवस अर्धा किलो, मग वाढवत जायचं. आठ-दहा दिवसांत गाय सरावते, आणि दावणीतली एक गाय खायला लागली की शेजारची तिचं बघून खाते. कोमेजवणं म्हणजे ढीग मारून ठेवणं नव्हे, एवढं मात्र सांभाळा. ढिगात पाला तापतो, बुरशी येते, आणि बुरशीमुळं त्याच कुमारिनाचं असं द्रव्य बनतं की जनावराचं रक्त गोठेनासं होतं. काळा पडलेला, पांढरी बुरशी आलेला गिरीपुष्पाचा पाला खतात टाका, गव्हाणीत नको.

त्याची दुसरी खोड म्हणजे पानगळ. हिवाळा सरताना फुलायला लागला की तो पानं टाकतो, आणि चाऱ्याची ओढ लागते नेमकी तेव्हाच. ऑक्टोबरअखेर एक छाटणी घेतली की फुलोरा टळतो आणि नव्या फुटीची पानं उन्हाळ्यात टिकतात. ही छाटणी चुकवू नये.

सुबाभळीवर जास्त लिहावं लागेल, कारण आपल्याकडे तिच्याइतकं बदनाम झाड दुसरं नाही. १९७०-८० च्या काळात उरुळीकांचनच्या ‘बायफ’ या संस्थेनं तिचा मोठा प्रसार केला. पुष्कळांनी झाडं लावली आणि वाढू दिली. झाड वीस फुटांवर गेलं, पाला हाताला येईना, शेंगा वाळून फुटल्या आणि बी सगळ्या रानात पडलं. मग ‘सुबाभळीनं रान खाल्लं’ ही म्हण झाली. तक्रार खरी आहे, पण दोष झाडाइतकाच न छाटण्याचा आहे. दर ४० ते ४५ दिवसांनी छाटलेल्या सुबाभळीला शेंग धरायला वेळच मिळत नाही. ज्याला छाटणीची शिस्त जमणार नसेल, त्याला सुबाभळीचं रोप देऊच नका, गिरीपुष्प द्या. ओढ्याकाठी आणि सामाईक गायरानातही सुबाभूळ नको, तिथं तिला कोणी मालक नसतो.

दुसरी भीती विषाची. तीही खरी आहे, पण मोजता येते. सुबाभळीच्या पानांत मिमोसीन नावाचं द्रव्य असतं. कोवळ्या शेंड्यात सगळ्यात जास्त, जून पानांत कमी. रुमेनमध्ये त्याचं दुसरं द्रव्य होतं आणि ते गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचं काम अडवतं. ऑस्ट्रेलियात जनावरांना हा त्रास व्हायचा आणि हवाई बेटांवरच्या शेळ्यांना होत नव्हता. यावरून रेमंड जोन्स या शास्त्रज्ञानं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शोध घेतला, तेव्हा कळलं की त्या शेळ्यांच्या पोटात ते द्रव्य फोडणारे जिवाणू आहेत. पुढं त्या जिवाणूला त्याच्याच नावावरून सिनर्जिस्टिस जोन्साय म्हणू लागले. आपल्याकडच्या रवंथ करणाऱ्या जनावरांतही असे जिवाणू आढळतात, आणि एका दावणीला बांधलेल्या जनावरांत ते एकमेकांकडून पसरतात. पण ते वाढायला दिवस लागतात. म्हणून सुबाभूळ कधीही एकदम सुरू करायची नाही. पहिल्या दिवशी एक किलो, मग दर दोन दिवसांनी किलोभर वाढवत पंधरा दिवसांत ८ किलोवर जायचं. एकूण सुक्या खाण्याच्या ३० टक्क्यांच्या वर कधीच नाही. आपल्या गायीला ही मर्यादा १३ किलो ओल्या पाल्याच्या आसपास येते, म्हणजे ८ किलोवर आपण बऱ्याच अलीकडे आहोत. तीस किलोच्या शेळीला दिवसाला एक किलोच्या आत.

चुकलं तर आधी शेपटीचा गोंडा बघा. हात फिरवला की केस हातात येतात. मग मानेवर, पाठीवर विरळ पडतं. तोंडातून लाळ, खाणं कमी, गळ्याशी गाठ. यातलं काहीही दिसलं की सुबाभूळ त्याच दिवशी बंद करायची आणि डॉक्टरला दाखवायचं. वेळेत थांबवलं की केस पुन्हा येतात. गाभण गायीला शेवटच्या तीन महिन्यांत सुबाभूळ नको, वासरू अशक्त आणि गळा सुजलेलं जन्मण्याचा धोका असतो. त्या काळात शेवरी किंवा गिरीपुष्प द्यावं. धनगर बांधवांना वेगळं सांगायला हवं: मेंढरं नुसत्या सुबाभळीवर चारली तर लोकर गळून पडते. आणि घोडा, शिंगरू, गाढव, डुक्कर, ससा यांना सुबाभूळ किंवा गिरीपुष्प दोन्ही घालायचं नाही. त्यांच्याकडे रुमेनची भट्टीच नाही, विष तसंच अंगात जातं. संस्थेच्या फलकावर एवढं एक वाक्य तरी ठळक लिहा.

छाटणीचे ४०-४५ दिवस आम्ही उगाच सांगत नाही. तीन आठवड्यांच्या फुटीत मिमोसीन सगळ्यात जास्त असतं. दोन महिन्यांच्या पुढं फांद्या लाकडी होतात, जनावर पानं ओरपतं आणि दांडा टाकतं. दांडा पेन्सिलीएवढा जाड होण्याआधी छाटायचं. बिनपाण्याच्या बांधावर हीच मुदत ६०-७० दिवसांची धरा. पाला धार काढल्यावर घालायचा, आधी नाही, नाहीतर दुधाला वास लागतो आणि संकलनावर कॅन परत येतो. उपाशीपोटी नुसता पाला नको, कुट्टीत मिसळून. जे कडब्याला युरियाची प्रक्रिया करून घालतात, त्यांनी पाला सुरू करताना ते थांबवावं. दोन्हींचा नत्र एकदम नको.

वाढ्यांच्या बाबतीत अजून एक गोष्ट जुळून येते. वाढ्यांत ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. म्हणून नुसत्या वाढ्यांवरच्या गायी व्यायल्यावर बसतात. या झाडांच्या पाल्यात कॅल्शियम भरपूर असतं, ती ओढ थोडी भरून निघते. फॉस्फरस मात्र पाल्यात कमीच, त्यामुळं रोजचं ५० ग्रॅम क्षारमिश्रण तुटता कामा नये. तेही पेंडीसोबत संस्थेतूनच जातं, तेव्हा त्याची आठवण करून देणं तुमच्याच हातात आहे.

किती झाडं लागतील? बांधावर दीड-दीड फुटावर एकेरी ओळ धरली तर शंभर मीटरला दोनशे झाडं. जोम धरलेल्या झाडाला प्रत्येक छाटणीला आम्ही किलोभरच पाला धरतो, आणि वर्षाला पाच छाटण्या. म्हणजे शंभर मीटर बांधाचा वर्षाचा एक टन. एका गायीला दिवसाला ८ किलोप्रमाणं वर्षाला तीन टनांच्या जरा आत, म्हणजे तीनशे मीटर बांध, नाहीतर पाण्याखालचे चार-पाच गुंठे. ज्याच्याकडे दोनशे झाडंच होतील त्यानं ती फेब्रुवारी ते मे यासाठी राखावीत, कारण हिरवी वैरण संपते ती तेव्हा आणि खोल मुळांचं झाड हिरवं असतं तेही तेव्हाच. बांधाशेजारच्या ज्वारीच्या एक-दोन ओळींचा जोर कमी होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पेरणीआधी सप्टेंबरात झाडं कमरेला आणली की सावली पडत नाही, आणि बांधाच्या कडेनं दरवर्षी एक खोल नांगराचं तास मारलं की मुळं आत येत नाहीत.

पहिलं वर्ष नाजूक. सुबाभळीचं रोप सुरुवातीला तणाखाली दबतं, पाणी साचलं तर पिवळं पडतं. आपल्या खोल काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात आणि भेगेबरोबर कोवळं मूळ तुटतं. बुडाशी पाचटाचं आच्छादन आणि भेगेत मोकळी माती, एवढं मार्च-एप्रिलमध्ये दोनदा केलं की रोप तगतं. आणखी एक आपल्याकडचं संकट म्हणजे सुगीनंतरची मोकळी चराई. ज्वारी निघाली की रानं सगळ्यांना मोकळी होतात, आणि रोप छातीएवढं झालेलं नसेल तर शेरडं एका दिवसात त्याचा खुंट करतात. म्हणून जूनमध्ये लावलेल्या रोपाला फेब्रुवारीत बोरी-बाभळीच्या काट्यांची कडी हवीच. पहिली छाटणी रोप दीड मीटरचं झाल्यावर, त्याआधी नाही. हिवाळ्यात सुबाभळीच्या शेंड्यावर माव्यासारखी पिवळसर बारीक कीड येते, पानं चिकट होऊन आक्रसतात. ही सुबाभळीवरची सायला, १९८८ च्या सुमारास भारतात आली. फवारणीच्या मागं लागू नका, पाला जनावराच्या पोटात जायचाय. लागण झालेले शेंडे छाटून टाका, कडक ऊन पडू लागलं की ती आपोआप हटते.

पावसाळ्यात पाला जास्त होतो, त्याचं काय करायचं? सुकवा. उघडीप बघून सकाळी दव उतरल्यावर फांद्या कापायच्या, सावलीत ताडपत्रीवर पातळ पसरायच्या, दोन-तीन दिवसांत झटकल्या की पानं आपोआप गळतात आणि काटक्या चुलीला उरतात. ताडपत्री आधी टाकायची. सुबाभळीची बारीक पर्णिका मातीत गळली की गोळा होत नाही. रणरणत्या उन्हात सुकवला तर हिरवा रंग उडतो आणि त्याबरोबर अ जीवनसत्त्व देणारं कॅरोटीनही. शंभर किलो ओल्या पानांचा पाव क्विंटलच्या आसपास चुरा होतो. तो मुठीत दाबल्यावर कुरकुरला पाहिजे. दमट लागला तर पोत्यात भरायचा नाही. पोती फळीवर ठेवा, फरशीवर नको. असा किलोभर चुरा म्हणजे साधारण किलोभर गोळी पेंड, आणि तो आंबोणात सहज कालवला जातो.

मुरघास करणाऱ्यांना एवढंच सांगायचं: नुसत्या पाल्याचा मुरघास करू नका. त्यात साखर कमी असते, तो आंबत नाही, सडतो. वाढ्यांची कुट्टी तीन पाट्या आणि पाल्याची कुट्टी एक पाटी, असे थर द्या, प्रत्येक थर तुडवून हवा काढा. वाढ्यांतली साखर आणि पाल्यातली प्रथिनं एकमेकांना सांभाळून घेतात. पाला यापेक्षा जास्त घालायचा असेल तर शंभर किलोला तीन किलो मळी (मोलॅसिस) पाण्यात कालवून शिंपडा. पंचेचाळीस दिवसांनी तोंड उघडा. गळीत हंगामात वाढे स्वस्त असतात तेव्हाच हे करून ठेवलं तर मे महिना निघतो.

आता तुमच्याकडचं काम. शंभर सभासद, प्रत्येकी दोनशे झाडं, म्हणजे वीस हजार रोपं. एका किलोत सुबाभळीच्या १८ ते २० हजार बिया बसतात. पिशवीत दोन बिया धरल्या तर अडीच किलो बी पुरतं. पेंडीच्या एका पोत्यापुढं हा खर्च किती, ते तुम्हीच बघा. बी कवचाचं आहे, तसंच पेरलं तर महिनाभर मातीत पडून राहतं आणि सभासद म्हणतो बी खोटं. पाणी उकळून उतरवा, पाच मिनिटं थांबा, बियांच्या तिप्पट पाणी त्यांच्यावर ओता, तीन मिनिटं ढवळून पाणी काढून टाका आणि थंड पाण्यात रात्रभर भिजत घाला. खळखळत्या उकळीत टाकलं तर बी शिजतं. सकाळी फुगलेलं बी आकारानं दुप्पट आणि फिकट दिसतं. चकचकीत, टणक राहिलेल्या बिया वेचून पुन्हा गरम पाण्यातून काढा. पेरणी दोन सेंटिमीटर खोल. पिशवीच्या मातीत एखाद्या जुन्या सुबाभळीखालची घमेलंभर माती मिसळा, मुळावर गाठी धरणारे जिवाणू त्यातून येतात. महिन्यानं एक रोप उपटून बघा: गाठ नखानं फोडली आणि आत गुलाबी दिसलं तर ती काम करतेय, पांढरी किंवा हिरवट असेल तर आणखी माती घाला.

गिरीपुष्पाला असली प्रक्रिया लागत नाही, बी रात्रभर भिजवलं की पुरे, पण ते वर्षाच्या आतलं हवं. मनगटाएवढ्या जाडीची मीटर-दीड मीटरची खुंटी लावूनही तो येतो. मात्र कोरडवाहू बांधावर बियांचं रोप बरं, त्याचं मूळ खोल जातं. शेवरीच्या पिशव्या भरायच्या नाहीत, बियांच्या पुड्या करून द्या. सभासदांत तिन्ही झाडं वाटा. एकाच झाडावर सगळ्या गावाची भिस्त नको, आणि तीन पाले मिसळून घातले की सुबाभळीचा वाटाही आपोआप मर्यादेत राहतो.

पाडव्याला पिशव्या भरल्या तर आर्द्रा नक्षत्रात रोपं हातभर होतात, तीच लावणीची वेळ. म्हणून हा विषय पाडव्याआधीच्या संचालकांच्या बैठकीत घ्या. रोपं फुकट वाटू नका. फुकटचं रोप बांधाला टेकून वाळतं. नाममात्र किंमत लावा, ती दिवाळीनंतरच्या बिलातून कापा, आणि फेब्रुवारीत ज्याची निम्म्याहून जास्त झाडं उभी दिसतील त्याची कपात परत करा. झाडं मोजायला संकलनावरचा माणूसच जाऊ द्या. जाताना त्यानं तीन गोष्टी बघून वहीत लिहाव्यात: काट्यांची कडी आहे का, बुडाशी आच्छादन आहे का, आणि छाटणी कुठल्या उंचीवर झालीय. गुडघ्याला छाटलेली शेवरी दिसली तर त्या सभासदाला तिथंच, झाडापाशी उभं राहून सांगावं लागेल.

आपले,
चारापिकं आणि जनावरांच्या आहारावर काम करणारे काही जण,
सोलापूर